फक्त 1 शिल्लक

आजीच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी एक शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं, असायची. आता ती माझ्याकडे आहे. ती शिवराई आहे हेही आजी सांगायची म्हणून मानायचं. प्रत्येक सणाआधी देवाच्या उपकरण्यांबरोबर तीही चिंच-मीठ लावून घासली जायची, आणि आमच्या घरात सणांना तोटा नव्हता. दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी तिचा जो काही चेहरामोहरा होता तो पार पुसून टाकला. एका बाजूला काठाशी ठिपक्यांची अर्धी माळ उरलीय आणि मधोमध एक वळणदार रेघ, जी भक्तिभावाने पाहिली तर 'राजा'मधला 'जा' वाटते. दुसरी बाजू चहात बुडवून काढलेल्या मारी बिस्किटासारखी.

गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा मनात आलं, वाचता येईल अशी एक शिवराई आपल्याकडे असावी. पुढून 'श्री राजा शिव', मागून 'छत्रपति'. बाकी काही नको. शिवराई म्हणजे काही कोहिनूर नव्हे. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या सुमारास हे नाणं सुरू झालं. पुढे छत्रपती बदलले, पेशवे आले, 1818 साली पेशवाई बुडाली, तरी शिवराई आपली बाजारात फिरतच होती. भाजीवाल्यापासून सावकारापर्यंत सगळ्यांच्या हातून गेलेलं नाणं. ते मिळायला कितीसा वेळ लागणार?

"आई, ऑनलाइन घे ना, दोन मिनिटांचं काम," मुलगी म्हणाली. त्या दोन मिनिटांना या महिन्यात अकरा महिने पूर्ण झाले.

जुनी नाणी विकणाऱ्यांच्या साइट पुष्कळ आहेत. पहिल्या साइटवर मी शोधायच्या चौकटीत सरळ मराठीत 'शिवराई' लिहिलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही. मग कळलं की इंग्रजीत लिहायचं असतं. पण कसं? शिवराईचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक दुकानदार आपापल्या मगदुराप्रमाणे करतो. कुणी 'व'नंतर एक 'ए' जास्त घालतो, कुणी शेवटचा 'आय' दोनदा लिहितो, एकाने तर 'सिवराय' करून ठेवलं होतं. ज्या नाण्याने फारसी अक्षरांच्या जमान्यात ठसठशीत नागरी आणली, ते नागरीत शोधलं तर सापडत नाही, याचा मला पहिले दोन दिवस फार संताप आला. नंतर तो ओसरला, कारण खुद्द शिवरायांच्या नाण्यांवरही एकवाक्यता नाही. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे चक्क 'सिव'. तेव्हाच्या ठसे कोरणाऱ्यांनाच ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नव्हती, तर आजच्या दुकानदाराला मी कोण विचारणार?

स्पेलिंगचं कोडं सुटलं आणि 'मराठा' असा विभाग उघडला. एका पानावर बारा नाणी, आणि पानं सत्तेचाळीस. त्यांत शिवराई, अंकुशी रुपया, चांदवडी, कुठला तरी फुटका पितळी बिल्ला, सगळं एका टोपलीत. स्वस्त ते महाग असं लावून घ्यायची सोय नाही. नवव्या पानावर एक बरी दिसली म्हणून तिच्यावर बोट ठेवलं, पाहिली, आणि परत मागे आले तर पुन्हा पहिल्या पानावर. सापशिडीत अठ्ठ्याण्णववरून घसरल्यावर जे वाटतं ते. मी एका वहीत पानांचे आकडे लिहून ठेवायला लागले. तरीही तिसाव्या पानाच्या पुढे काय आहे हे आजवर मी पाहिलेलं नाही. तिथवर पोचेपर्यंत कुकरची शिट्टी तरी होते, नाही तर नेट तरी जातं.

पण खरी मौज फोटोंची आहे. आजचं रुपयाचं नाणं घ्या, एक पाहिलं की सगळी पाहिली. शिवराईचं तसं नाही. ती हाताने ठोकलेली. तांब्याची ओबडधोबड चकती ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा आणि त्यावर घण. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं सगळ्या नाण्यांवर मावलीच नाहीत. एकीवर 'श्री' आहे तर 'शिव' काठाबाहेर गेलेला, दुसरीवर 'छत्र' उमटलंय आणि 'पति' हवेत. दोन सख्ख्या बहिणी जितक्या वेगळ्या असतात तितक्या दोन शिवराया वेगळ्या. आणि अशा नाण्याच्या फोटोखाली हे महाशय लिहितात, 'छायाचित्र नमुन्यादाखल. प्रत्यक्ष नाणं वेगळं असू शकतं.' असू शकतं? असणारच! वधूवर सूचक मंडळात नमुन्यादाखल भलत्याच मुलीचा फोटो दाखवून मुहूर्त काढण्यातला हा प्रकार.

जिथे खरंच त्याच नाण्याचा फोटो असतो, तिथे तो एकाच बाजूचा असतो. किंवा दुकानदाराच्या तळहातावर ठेवून काढलेला. एका हातावरची भाग्यरेषा मला नाण्यापेक्षा स्पष्ट दिसत होती, आणि ती चांगली लांब होती. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो असलेली एक साइट सापडली, तर कुणी चोरू नये म्हणून प्रत्येक फोटोवर आडवा शिक्का मारलेला. तोही नेमका 'छत्रपति'च्या अंगावरून. मोठं करून पाहावं तर अक्षरं विरघळतात आणि शिक्का तेवढा ठळक होतो.

मग वर्णनं. 'दुर्मीळ', 'अतिदुर्मीळ', 'अत्यंत दुर्मीळ'. इंग्रजीत हे एक आर, दोन आर, तीन आर असं लिहितात, उतारावर एसटीने ब्रेक मारल्यासारखं. दोन आडव्या रेघांची जी दुदांडी शिवराई, ती इतकी मुबलक आहे की माझ्या मावशीच्या पितळी डब्यात तिच्या पाच निघाल्या. तिलाही दोन आर. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या डब्याला किती आर?"

किमतीचा विषय तर काढूच नये. निम्म्या नाण्यांखाली किंमतच नसते, 'किमतीसाठी संपर्क साधा' असतं. संपर्क साधायचं पान उघडलं तर ते उघडत नाही. एके ठिकाणी किंमत पाहण्यासाठी नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख देऊन खातं काढावं लागलं. ओटीपी आला, तो घातला, आणि मग किंमत दिसली, 'संपर्क साधा'. दुसरीकडे 180 रुपयांची शिवराई होती, माझ्या ऐपतीतली. आनंदाने पुढे गेले तर टपालखर्च 150, शिवाय किमान 1000 रुपयांची खरेदी सक्तीची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली त्याला आण्यांचा हिशेब तरी ठाऊक होता, इथे कोंबडीच दिसत नाही. व्हॉट्सअपवर विचारावं तर दोन दिवसांनी उत्तर येतं, 'अव्हेलेबल डिअर'. भाव विचारला की पुन्हा दोन दिवस शांतता.

या सगळ्यात सोसायटीत माझी कीर्ती पसरली, ती वेगळ्याच दिशेने. दुसऱ्या मजल्यावरचे काका ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. म्हणाले, हिचे लाखो येतात, मोबाइलवर वाचलंय, फक्त आधी थोडी नोंदणी फी भरायची. आपल्या नावाने असली फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीर सांगितलेलं आहे. ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी नोट परत खिशात घातली आणि असं काही पाहिलं माझ्याकडे, की जणू लाख मीच गिळले. ज्या साइटवर खरं नाणं आहे ती विकायला तयार नाही, आणि ज्यांना विकायची घाई आहे त्यांच्याकडे नाणंच नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात का गेले नाही, असं कुणी विचारील. गेले होते की. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, ग्रामोफोनचे कर्णे आणि एकेकटे बूट ओलांडत गेलं की फडक्यावर नाण्यांचे ढीग दिसतात. तिथे संपर्क साधावा लागत नाही, तोच आपल्याशी साधला जातो. नाणं हातात घेता येतं, पालथं करता येतं. पण मला जी सगळ्यांत स्वच्छ वाटली, सगळी अक्षरं जागच्या जागी, तिच्या कडेवर बारीक शिवण होती. ओतीव. साच्यातून काढलेली, बहुधा माझ्याहून तरुण. म्हणजे इकडे नाणं हातात पण खोटं, तिकडे खरं पण शिक्क्याखाली.

सगळ्यांत जास्त राग मला 'विकले गेले' या पाटीचा यायचा. त्या शिक्केवाल्या साइटवर एक शिवराई होती, 'श्री राजा' पूर्ण, 'शिव'चा 'व' अर्धा, ठिपक्यांची माळ जवळजवळ अख्खी. वर लाल पट्टी: विकले गेले. अरे, मग काढून टाका ना! केळकर संग्रहालयात वस्तू विकाऊ नाहीत हे जाताना ठाऊक असतं. इथे दुकान म्हणून आत जावं आणि निम्मं संग्रहालय निघावं. तरी मी तिला रोज पाहायला जायची. वजन 11 ग्रॅमच्या आसपास, एका कडेला चीर. मला ती पाठ झाली. खरं सांगायचं तर शिवराई वाचायला मी शिकले ती विकल्या गेलेल्या नाण्यांवरूनच.

असंच एकदा भिंग लावून स्क्रीन पाहत होते, आणि त्या मेल्या आडव्या शिक्क्यात आकडे दिसले. दहा आकडे. 'छत्रपति'च्या छाताडावर अकरा महिने ज्याला मी शिव्या घालत होते, तो दुकानाचा फोन नंबर होता.

फोन पहिल्या घंटेला उचलला गेला. दुकान शनिवार पेठेत, एका वाड्याच्या माडीवर. माझ्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. "या की, चारनंतर या," एवढंच.

सत्तरीचे गृहस्थ. समोर कॉम्प्युटर होता, त्यावर आच्छादन. "ते पुतण्यानं करून दिलं. तो आता कॅनडात. मला त्यात काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. 'विकले गेले' तेवढं लावायला शिकलोय." मी माझ्या चीर गेलेल्या शिवराईबद्दल विचारलं. कोण घेऊन गेलं हो ती?

त्यांनी खण उघडला. पांढऱ्या कागदी पाकिटातून ती काढून माझ्या हातावर ठेवली.

"विकली नाही मी ही. लोक फोन करून भाव पाडत बसायचे. एकदा पट्टी लावली, सुटलो."

"मला द्याल?"

"नाही हो ताई." इतक्या सहज म्हणाले की रागही आला नाही. परत घेताना त्यांनी ती अंगठ्याने हलकेच चाचपली, आजी देव्हाऱ्यात परत ठेवायची तशी. मी पर्समधून आजीची शिवराई काढली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली.

"चिंच?"

"आणि मीठ."

"सगळ्यांच्या घरी हेच," म्हणाले. मग एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ओतला आणि स्वतः चहा सांगायला उठले. तासभर मी त्यात हात घालून बसले होते. शेवटी एक निवडली. 'श्री राजा' नीट, मागे 'छत्रप' स्वच्छ आणि 'ति' काठावर अर्धा तुटलेला. काट्यावर वजन केलं, कड पाहिली, शिवण नाही. 400 म्हणाले, मी 400 दिले. पाकिटावर त्यांनी पेन्सिलीने काहीतरी आकडा लिहिलेला होता. "ही पण आहे हो त्या साइटवर. छत्तिसाव्या पानावर."

आता दोन्ही शिवराया देव्हाऱ्यात शेजारी शेजारी आहेत. नवीला घासायचं नाही असं घरात बजावून ठेवलंय. परवा रात्री झोप येईना म्हणून वहीशिवाय, नेट न जाता, एकदाची छत्तिसाव्या पानावर पोचले. होती तिथे. तीच माळ, तोच तुटका 'ति'. खाली लाल अक्षरांत 'फक्त 1 शिल्लक, त्वरा करा', आणि त्याखाली, 'आत्ता 3 जण हे नाणं पाहत आहेत.'

त्यातली एक मी. दुसरे ते दुकानदार म्हणावेत तर त्यांच्या कॉम्प्युटरवर आच्छादन. म्हणजे कुणीतरी दोघं रात्री साडेअकरा वाजता माझ्या देव्हाऱ्यातलं नाणं पाहत बसलेत. त्यांना कळवावं असं फार मनात आलं. पण संपर्काचं पान उघडत नाही, आणि शिक्का त्यांना वाचता येत असता तर ते इथे कशाला असते.