हे आपली हयद नोहे

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. सिझनमध्ये लग्नं, एरवी पासपोर्ट, झेरॉक्स, लॅमिनेशन. वस्तूंचे फोटो म्हणजे ओळखीतलं काम, अर्थात फुकट.

मार्चमध्ये जवळच्या गावातल्या बचत गटाच्या बाया आल्या. वायगाव हळदीचे पाऊच ऑनलाइन टाकायचे होते. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना ३ दिवस ‘ब्रँडिंग’ शिकवलं होतं. फोटो कशाने काढायचा ते कोणी सांगितलं नव्हतं. बजेट २५ हजार. “भाऊ, काय घ्याचं ते तुमीच सांगा.” असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. वापरलेला कॅनन १५००डी कॅमेरा, १८-५५ लेन्ससकट, ओळखीत मिळवून दिला. तो निर्णय बरोबरच होता. त्यावर ऑनलाइन स्वस्तातले दोन एलईडी सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेले लाइट) घ्यायला लावले, अडीच हजारांचे. ते टोचतात.

पहिल्या दिवशी ताटात हळदीचा ढीग, दोन्हीकडून लाइट. फोटोत हळद बेसनासारखी! कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप रंग सावरणारी सोय, भरलेलं पिवळं ताट बघून उजेडच पिवळा समजतो आणि निळं ओततो. शिवाय असल्या स्वस्त बल्बच्या उजेडात लाल रंग पुरेसा नसतो, त्यामुळे हिरवट झाक. शटरचा वेग वाढवला तर फोटोत आडवे पट्टे. मी लॅपटॉपवर पिवळा ओढला. नवरी गोरी करायची सवय हाताला. चित्र लिंबासारखं झळकलं. मी खूश, ताई खूश.

हळद उकडण्या-वाळवण्यात जन्म गेलेली एक आजी मागे उभी होती. ती म्हणाली, “हे आपली हयद नोहे.”

“आजी, असंच खपते.”

“इतकी पिवयी तं बजारातली रंगाची रायते.” तिने चिमूटभर पूड तळहातावर चोळली आणि हात स्क्रीनला लावला. वायगावची हळद गर्द असते. कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळं करणारा घटक, ६ टक्क्यांच्या वर असतं म्हणतात, २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते उगाच नाही. तळहाताशेजारी माझा फोटो खोटा दिसत होता. मी गप्प.

तेवढ्यात लाइन गेली. बरंच झालं.

टेबल उत्तरेच्या दाराशी नेलं. सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड काढून दारावर ताणलं, म्हणजे पाऊचवरची चकाकी मऊ पडली. समोरून फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. त्याच उजेडात कोरा पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स बसवला. ट्रायपॉड, आयएसओ १०० (फोटोत खरखर नको म्हणून), एफ ८ (ढीग पुढून मागपर्यंत स्पष्ट यावा म्हणून), रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा फोटो), बोटाने कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर. हळदीची खरी गोम पुढे आहे: फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा (चॅनलचा) बनतो; इतक्या गडद पिवळ्यात निळा चॅनल तळाला जाऊन बसतो आणि लाल भरून वाहतो, मग पुडीचा कण दिसत नाही, नुसता रंगाचा गोळा. म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवलं, म्हणजे फोटो जरा काळसर घेतला, आणि उजेड अगदी आडवा घेतला. ढिगाचा एकेक कण उठला. असा फोटो मी वर्षभरात काढला नव्हता. पाऊचला पांढरी पार्श्वभूमी लागते, ती नंतर कापून दिली.

फोटो बायांच्या ३ मोबाइलवर पाठवले. तिन्हींत ३ पिवळे. आजीने प्रत्येकाजवळ तळहात नेला आणि सगळ्यात स्वस्त, काच तडकलेल्या फोनवर बोट ठेवलं. “यात हाय आपली.”

घेणाऱ्याच्या हातात कुठला फोन असेल?

बल्ब आता त्यांच्या पॅकिंगच्या खोलीत लागलेत. अडीच हजार त्यांनी मागितले नाहीत. मीही अजून दिले नाहीत.