कोपर्निकस, प्लेट पहिली: कंपास डाव्या हातात

तांब्याच्या प्लेटवर खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा पुतळा कोरलाय; त्याचा पहिला ट्रायल छापा काल रात्री निघाला. प्रेसचं ब्लँकेट (कागदावरचं जाड लोकरी कापड) उचललं, ओला कागद कोपऱ्याला धरून हळूच सोलला आणि दोन मिनिटं जाम खूश होतो. मग बायकोने विचारलं, "हे डावखुरे होते का?"

वॉर्सातला शिल्पकार थोरवाल्डसेनचा ब्राँझचा कोपर्निकस (१८३०) उजव्या हातात कंपास आणि डाव्या हातात आर्मिलरी गोल (आकाश दाखवणारा कड्यांचा गोल) घेऊन बसलाय. माझ्या छाप्यात बरोबर उलट, कारण छाप्यात प्लेटचं डावं-उजवं बदलतं आणि आकृती मी सरळच कोरली होती. चीड याची येते की चित्राखालच्या पट्टीतला 'निकोलाओ कोपर्निको ग्राता पात्रिया' (निकोलाउस कोपर्निकसला, कृतज्ञ मातृभूमीकडून) हा चौथऱ्यावरचा लॅटिन मजकूर मी ट्रेसिंग पालथं घालून, आरशात चारदा तपासून कोरला होता. अक्षरं सुलटी, माणूस उलटा! (याच चौथऱ्यावर नाझींनी जर्मन भाषेतली पाटी लावली होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये आलेक दाविदोव्स्की नावाच्या तरुणाने तिचे नट काढून ती पळवली. त्याच्या हिमतीपुढे माझी चूक किरकोळ.)

तांबं तांबट आळीतलं, १८ गेज. कडा कानशीने उतरत्या केल्या, नाहीतर कागद फाटतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला गोलाच्या कड्यांनी. पाच संध्याकाळी गेल्या. वळणावर ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) फिरवायचा मोह होतो, पण हात जागेवर ठेवून वाळूच्या उशीवर प्लेटच फिरवायची. तिसऱ्या कड्याला अंगठा सुटला आणि चरा थेट गालावर. स्क्रेपरने खरवडलं, बर्निशरने घोटलं, पाठीमागून हलकेच ठोकून खळगा वर आणला. छाप्यात तिथे अजून करडा डाग दिसतो, दाढी न केल्यासारखा.

झग्याच्या चुण्यांना आधी काटकोनात क्रॉस-हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषा) केलं; खिडकीची जाळी वाटायला लागली. डाव्या बाहीवर तिरक्या, लांबट चौकोनांत रेषा टाकल्यावर ब्राँझचं वजन आलं. ती बाही मात्र मनासारखी जमलीय.

प्लेट मोडीत काढणार नाही. जुन्या एनग्रेव्हरांचेही असे उलटे छापे कितीतरी आहेत. याचे दहा छापे काढीन, मग दुसरी प्लेट, या वेळी आकृतीही पालथी घालून.

एक अडचण: प्लेटला शाई लावून वरची जादा शाई जाळीच्या कापडाने पुसताना बारीक रेषांतली शाई निघून येते. प्लेट कोमट केली तरी तेच. त्या कापडाला जास्त खळ आहे की माझा हात जड आहे? तुम्ही शेवटचं पुसणं तळहाताने करता का?