सदस्यत्वाचा दरवाजा आणि लोकशाही

लोकशाहीच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय संघटना निरीक्षक पाठवतात, निधी देतात, प्रसंगी निर्बंधही लादतात. परंतु या सर्वांहून सदस्यत्वाचे आश्वासन अधिक प्रभावी ठरते, असे माझे मत आहे. अट एवढीच की, ते आश्वासन खरे असले पाहिजे.

स्लोव्हाकियाचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. उमेदवार देशात स्थिर लोकशाही संस्था, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांचे संरक्षण असलेच पाहिजे, असे युरोपीय महासंघाच्या नेत्यांनी 1993 मध्ये कोपनहेगन येथे ठरवले होते. पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्या राजवटीतील स्लोव्हाकिया या राजकीय निकषांवर उतरत नाही, असा स्पष्ट अभिप्राय महासंघाचे प्रशासन चालवणाऱ्या युरोपीय आयोगाने 1997 मध्ये दिला आणि शेजारच्या पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताकाला सदस्यत्वाच्या वाटाघाटींचे निमंत्रण मिळाले असताना स्लोव्हाकियाला बाहेर थांबावे लागले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत मेचियार यांच्या पक्षाला सर्वाधिक मते मिळूनही सरकार बनवता आले नाही. मिकुलाश झुरिंदा यांच्या नेतृत्वाखाली विरोधक एकत्र आले आणि 1 मे 2004 रोजी देश महासंघात दाखल झाला. याचे श्रेय एकट्या ब्रुसेल्सला, म्हणजे महासंघाला, देणे अन्यायाचे होईल. मतदारांना घराबाहेर काढण्यासाठी तेथील स्वयंसेवी संस्थांनी अपार कष्ट घेतले होते. बाहेरच्या नकाराने त्यांच्या म्हणण्याला वजन दिले, इतकेच.

एकदा प्रवेश मिळाला की मात्र ही पकड सुटते. महासंघाच्या करारातील सातव्या कलमानुसार सदस्य राष्ट्राचा मताधिकार स्थगित करता येतो, पण त्या देशाने मूलभूत मूल्यांचा गंभीर भंग केला आहे, हे आधी उरलेल्या सर्व देशांनी एकमताने ठरवावे लागते. पोलंडविरुद्ध 2017 मध्ये आणि हंगेरीविरुद्ध 2018 मध्ये ही प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा दोन्ही सरकारांनी एकमेकांना पाठीशी घातले आणि कलम कागदावरच राहिले. डिसेंबर 2022 मध्ये हंगेरीचा सुमारे 630 कोटी युरोंचा निधी रोखला गेला, तेव्हा कुठे दबावाला धार आली. हा उपाय दहा वर्षे आधी हाती असता तर बरेच नुकसान टळले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरीकडे, उंबरठ्यावरच्यांनाही आता भरवसा उरलेला नाही. उत्तर मॅसिडोनिया 2005 पासून उमेदवार आहे. नावावरचा ग्रीसचा आक्षेप दूर व्हावा म्हणून या देशाने 2019 मध्ये स्वतःचे नाव बदलले, ही कोणत्याही राष्ट्रासाठी लहान गोष्ट नव्हे. तरीही त्याच वर्षी फ्रान्सने आणि पुढच्या वर्षी बल्गेरियाने वाटाघाटी अडवल्या. औपचारिक सुरुवात 2022 मध्ये झाली, तीही राज्यघटनेत बल्गेरियन समुदायाचा उल्लेख करण्याची नवी अट घालून. न्यायालये स्वतंत्र आहेत का, वृत्तपत्रे निर्भय आहेत का, या प्रश्नांशी या अटीचा संबंध नाही. शेजाऱ्यांचे ऐतिहासिक वाद सदस्यत्वाच्या निकषांत मिसळू द्यायचे नसतील, तर वाटाघाटींच्या मधल्या टप्प्यांवर तरी प्रत्येक सदस्याचा नकाराधिकार काढून बहुमताने निर्णय घ्यावे लागतील आणि एकमताची अट केवळ अंतिम प्रवेशापुरती ठेवावी लागेल.