वरूड ते ओटावा: वीस वर्षांखालच्या पोरांची बर्फावरची हॉकी

डिसेंबरच्या सुरुवातीला आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागेचं पाणी तोडलं की संत्रावाल्याला वर्षातली एकच सवड मिळते. झाडं ताणावर असतात, ओलिताची घाई नसते. मुलगी चार वर्षांपासून "बाबा, या एकदा" म्हणत होती. मी आणि बायको २०२४ च्या डिसेंबरात कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला, तिच्याकडे गेलो ते याच सवडीत. योग असा, की २६ डिसेंबर ते ५ जानेवारी या दिवसांत तिथेच वीस वर्षांखालील मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा होती. दहा वर्षांचा नातू त्या खेळाचा वेडा. आमची तिकिटं त्यानंच आईच्या मागे लागून काढून ठेवली होती.

मी गावात पंचवीस वर्षांपासून पोट्ट्यांची कबड्डी घेतो. म्हणून हे लिहितो आहे ते मुख्यतः आपल्या भागात सामने भरवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांची लेकरं कॅनडा-अमेरिकेत आहेत त्या आईबापांसाठी. हिवाळ्यात तिकडे गेलात तर घरात हीटरजवळ बसून दिवस काढू नका. हा खेळ पाहा.

आधी जाण्याचं सांगतो. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही पुण्याला गेलो. व्हिसाची फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि ठशांची माणशी ८५. कुटुंबानं एकत्र अर्ज केला तर ठशांचे जास्तीत जास्त १७० घेतात. नवराबायको असाल तर अर्ज एकत्रच करा. शेतकऱ्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, म्हणून आम्ही सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक आणि संत्रा विकल्याच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडल्या. सोबत मुलीचं बोलावण्याचं पत्र. निदान चार महिने आधी लागा. आमचा पहिला अर्ज एका एजंटानं अर्धवट कागदांवर पाठवला आणि तो नामंजूर झाला. त्यात पैसेही गेले आणि एक हिवाळाही. दुसऱ्या वेळी मुलीनं स्वतः भरला.

वरूडहून नागपूर गाडीनं, नागपूर-दिल्ली विमान, दिल्लीहून टोरोंटो थेट. हा शेवटचा टप्पा तेव्हा चौदा-पंधरा तासांचा होता. ज्यांचे पाय सुजतात त्यांनी मधल्या वाटेलगतचीच जागा घ्यावी. दर दोन तासांनी उठून फिरता आलं पाहिजे. टोरोंटोहून ओटावा साडेचारशे किलोमीटर. आम्ही आगगाडीनं गेलो आणि तेच बरं झालं. खिडकीतून बर्फाखाली झोपलेली शेतं पाहताना बायको म्हणाली, "एवढी जमीन, अन् चार महिने कोणाचं पाऊल नाही!"

सामानात ताजी संत्री नेऊ नका. मला फार वाटलं होतं नातवाला आपल्या झाडाची फोड खाऊ घालावी, पण ताज्या फळांचे नियम कडक आहेत आणि खाण्याचं जे काही असेल ते उतरल्यावर जाहीर करावं लागतं. ज्वारीचं पीठ, भिवापुरी तिखट, तिळाचे लाडू आम्ही नेले, विचारल्यावर सगळं सांगितलं, काही अडचण आली नाही. तिथल्या दुकानांत नाताळात लहान पेट्यांमधून संत्री येतात, मोरोक्कोची, स्पेनची. आपल्या नागपुरी संत्र्याचीच भावकी. साल सैल, बी नाही, रंग झक्क. मी ती सोलून, हुंगून, चाखून पाहिली. आंबटगोड चव आपल्याचीच सरस, हे मी शेतकरी म्हणून सांगतो. पण पेटी बांधण्याची रीत त्यांच्याकडून शिकावी.

आता खेळ. स्पर्धेत दहा देश, पाच-पाचचे दोन गट. कॅनडा, अमेरिका, फिनलंड, लात्व्हिया, जर्मनी एका गटात. स्वीडन, चेकिया, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, कझाकस्तान दुसऱ्यात. कॅनडाचा गट शहराबाहेरच्या मोठ्या कॅनेडियन टायर सेंटरमध्ये, दुसरा गट शहरातल्या टीडी प्लेस या लहान हॉलमध्ये. १९७७ पासून ही स्पर्धा अधिकृतपणे होते आहे. रशिया युद्धामुळे २०२२ पासून बाहेर होता.

टीव्हीवर पाहून मला काहीच कळेना. वितळवून आकार दिल्यासारखी ती रबराची काळी चकती, पक, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, आणि ती इतकी वेगात जाते की नजर मागे राहते. नातू म्हणाला, "आबा, पक शोधू नका. पोरं कुठे पळतात ते बघा." हा सल्ला तुम्हालाही देतो. चढाईत आपणही चढाईवाल्याच्या हाताकडे न पाहता कोपऱ्यातल्या पकडीवाल्याच्या पायांकडे पाहतो, तसंच.

कबड्डीवाल्याला हा खेळ लवकर समजतो असा माझा अनुभव आहे. गोली, म्हणजे गोल राखणारा, त्याच्यासकट सहा जण बर्फावर, बाकीचे बाकावर, आणि बाकावरचे आत-बाहेर सतत चालू. एक खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळतो आणि कठडा ओलांडून बसतो, त्याच्या जागी ताजा दमाचा उतरतो. आपली चढाई तीस सेकंदांची. माणूस पूर्ण ताकदीनं तेवढाच वेळ टिकतो, हे दोन्ही खेळांना माहीत आहे. अडथळा केला, काठी पायात घातली की दोन मिनिटं पेटीत बसायचं, आणि तेवढा वेळ संघ एकानं कमी. समोरच्या संघाच्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. आपल्याकडे बाद झालेला गडी आपल्या संघानं गुण घेतला की जिवंत होतो. इथे दोन मिनिटं भरायच्या आत समोरच्यानं गोल केला की पेटीतला सुटतो. म्हणजे त्याची लवकर सुटका संघाच्या नुकसानीतूनच होते. त्या पेटीत एकट्या बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराचा चेहरा मी फार वेळा पाहिला. तो घड्याळाकडे पाहत नव्हता, आपल्या गोलीकडे पाहत होता.

वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. मध्यंतरात झांबोनी नावाचं यंत्र येऊन खरवडलेला बर्फ तासतं आणि गरम पाणी पसरत जातं. गरम का, तर ते ओरखड्यांत नीट मुरतं आणि काचेसारखं गोठतं. मी प्रत्येक मध्यंतरात जागेवरच बसून ते पाहिलं. सामन्याच्या आधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मैदानाची माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवणारी आमची पोट्टी डोळ्यांसमोर होती.

पहिला सामना आम्ही पाहिला तो २७ तारखेचा, कॅनडा-लात्व्हिया. सगळा हॉल लाल-पांढरा. लात्व्हिया हा देश लोकसंख्येनं आपल्या अमरावती जिल्ह्यापेक्षा लहान आहे. त्यांचा गोली लिनार्ड्स फेल्डबर्ग्स. कॅनडावाले फटक्यावर फटके मारत होते आणि हा कधी गुडघ्यावर, कधी आडवा, कधी नुसता मनगटानं अडवत होता. ५५ अडवले. सामना २-२ वर अडला, जादा वेळातही सुटला नाही आणि मग एकास एक फटक्यांवर गेला. आठ फेऱ्यांत एकच गोल झाला, तो लात्व्हियाचा. माझ्या बाजूला लाल जर्सीतले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा देश हरला होता. ते उठले आणि त्या परक्या गोलीसाठी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागले. हळूहळू आमचा सगळा कोपरा उठला.

सामना संपला की उठू नका, हे मी ठळकपणे सांगतो. पार्किंगमधून आधी निघावं म्हणून पुष्कळजण पळतात. पण त्यानंतर दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर रांगेत उभे राहतात, दोन्ही संघांतल्या एकेका उत्तम खेळाडूला गौरवतात, जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं आणि हरलेली पोरं ते उभं राहून ऐकतात. मग ओळीनं हात मिळवतात. गावोगावच्या सामन्यांत शेवटच्या शिट्टीनंतर पंचाभोवती जो गराडा पडतो, तो मी पंचवीस वर्षं पाहिला आहे. त्यात काही वेळा मीही होतो.

टीडी प्लेसला कझाकस्तानचा एक साखळी सामना पाहिला. तिकीट मोठ्या हॉलपेक्षा बरंच स्वस्त, आणि बर्फ इतका जवळ की अंग कठड्यावर आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो. नव्यानं पाहणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी. कझाकस्तान हरला, पुढे शेवटच्या दोघांच्या लढतीतही हरून तो खालच्या गटात गेला. आशियातला तो एकच संघ होता, म्हणून आम्ही त्याच्या बाजूनं ओरडलो. भारत १९८९ पासून या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे. लडाखची पोरं-पोरी गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार होतात. त्यांना एक दिवस अशा हॉलमध्ये पाहायचं आहे.

दोन जानेवारीला उपांत्यपूर्व फेरी, कॅनडा-चेकिया. कॅनडा ३-१ नं मागे होता, त्यानं ३-३ केले, आणि छप्पर उडतं की काय असं वाटलं. मग शेवटी शेवटी चेकियाला पॉवर प्ले मिळाला. चाळीस सेकंदांहून कमी उरले असताना पक आत गेला. एवढ्या माणसांचा आवाज एकदम बंद होताना मी पहिल्यांदा ऐकला. बर्फावर एक पोरगं काठीवर कपाळ टेकून उभं होतं. बायको म्हणाली, "काऊन रडून रायलं बाप्पा ते? त्याच्या मायले कोणी जवळ जाऊ द्या ना."

त्याची माय कदाचित तो सोळा वर्षांचा असल्यापासून त्याच्याजवळ नसेल. हे मला नंतर कळलं. कॅनडातली होतकरू पोरं सोळा-सतराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावच्या संघाकडून खेळतात, आणि त्या गावातली कुटुंबं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. बिलेट म्हणतात अशा घरांना. जावयांच्या ओळखीच्या एका बाई असं एक पोर सांभाळतात. आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. त्यांच्या फ्रिजवर त्याच्या शाळेचं वेळापत्रक आणि सामन्यांचं वेळापत्रक शेजारी-शेजारी लावलं होतं. अभ्यासात मागे पडला तर सरावाला पाठवायचं की नाही, हे त्या संघाशी बोलून ठरवतात. आमच्या खुल्या सामन्यांना बाहेरगावचे संघ येतात तेव्हा आपणही त्यांना आलू-वांग्याची भाजी आणि पोळी पोटभर वाढतो, शाळेच्या वर्गात सतरंज्या घालतो. पण ते दोन रात्रींचं. पोराच्या दहावीचं काय झालं, हे आपल्यातलं कोणी विचारत नाही. मी परत आल्यापासून विचारतो आहे.

त्या रात्री नातू गाडीत एक शब्द बोलला नाही. आजीनं लाडू दिला तो हातातच धरून झोपला. सकाळी सहाला त्याचा स्वतःचा सराव होता, अंधारात, उणे तापमानात. मला वाटलं आज जाणार नाही. तो बूट घालून दारात उभा होता.

अंतिम सामना आम्ही घरीच पाहिला. फिनलंड ३-१ नं पुढे असून अमेरिकेनं जादा वेळात ४-३ नं जिंकला. सलग दुसरं सुवर्ण, अमेरिकेला पहिल्यांदाच जमलेलं.

थंडीचं सांगायचं राहिलं. ओटावात जानेवारीच्या रात्री सरासरी उणे १४ च्या आसपास जातात. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. जोडे तिथेच घ्या. इथले तळवे बर्फावर घसरतात आणि आपल्या वयाला पडणं परवडत नाही. हॉलच्या आतही गार असतं, म्हातारी माणसं सोबत असतील तर मांडीवर घ्यायला शाल ठेवा. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. तिकीट फोनवरच असतं, आणि थंडीत फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. ज्यांना बीपी-साखरेच्या गोळ्या आहेत त्यांनी पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत न्याव्या, आणि आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नये. तिथला दवाखाना विम्याशिवाय आपल्या बागेचं अख्खं उत्पन्न घेईल.

११ जानेवारीला ओटावातल्या रिडो कालव्याचा काही भाग स्केटिंगसाठी उघडला. अख्खा मार्ग ७.८ किलोमीटरचा आहे. दोन वर्षांआधीच्या हिवाळ्यात तो बर्फ पुरेसा न झाल्यामुळे एकदाही उघडला नव्हता, हे ऐकून मला आपली अवकाळी आणि गारपीट आठवली. त्या कालव्यावर हौशी पोरं काठ्या घेऊन खेळत होती, त्यांना पाहायला पैसे लागत नाहीत.

१६ तारखेला निघालो. आल्यावर बागेला पाणी सोडलं, आणि त्याच आठवड्यात शाळेच्या भिंतीवर पोट्ट्यांना लात्व्हियाचा सामना दाखवला.

२०२७ ची स्पर्धा अल्बर्टा प्रांतात एडमंटन आणि रेड डिअर या दोन शहरांत आहे, २६ डिसेंबर २०२६ पासून. दोन्हींमध्ये साधारण दीडशे किलोमीटर अंतर आहे, आणि हिवाळ्यातला तो रस्ता रोज ये-जा करण्याचा नाही. कोणता गट पाहायचा ते आधी ठरवा, मग मुक्काम त्याच शहरात घ्या. सुट्या सामन्यांची तिकिटं पूर्ण स्पर्धेच्या तिकिटांनंतर विकायला येतात, तोवर थांबा. व्हिसाचे कागद मात्र मृगाच्या पावसासोबतच गोळा करायला लागा.