तोंड दाखय

मंगळवार, रात्री उशिरा

ऑफिसात नवीन आलेली मुलगी आज जेवताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोलता तेव्हा लहान मुलांना कविता शिकवताय असं वाटतं." बाकीचे हसले. मुलगी चांगली आहे, मनात काही ठेवून बोलली नाही. पण मग पलीकडचाही म्हणाला की होय, मी ओठ फार हलवते, समोरच्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहते आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसते. काही जणांना अवघडल्यासारखं होतं म्हणे.

दुपारभर तोंड आवळून बोलले. संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागला. लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी बरं वाटेना. अंगावरचं काहीतरी कुणीतरी काढून ठेवायला सांगितलं आणि मी ते मुकाट्याने काढून ठेवलं, असं काहीसं झालं होतं. रडू आलं ते दादर गेल्यावर.

हे बोलणं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आजोकडून. पण जेवणाच्या टेबलावर काय सांगणार? माझा आजो, म्हणजे आजोबा, साचेवाला होता, कापडाच्या गिरणीत माग चालवायचा, एवढं सांगून पुढचं आपोआप समजणारी माणसं आता लोअर परळच्या त्या इमारतीत नाहीत. इमारतच गिरणीच्या जागेवर उभी आहे. ते राहू दे.

आजो एकोणीस वर्षांचा असताना बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला. गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकायची जागा मिळाली, बदलीचा पास मिळाला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम, आणि मग साचेखातं, जिथे मागांवर कापड विणतात. आधी दोन साचे, पुढे चार. एका खात्यात असे शेकडो साचे. प्रत्येकात धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन जाणारा लाकडी तुकडा, मिनिटाला दीडशेच्या वर वेळा इकडून तिकडे फेकला जायचा आणि दर वेळी लाकडावर आपटायचा. सूत सुकलं की तुटतं, म्हणून हवा ओली ठेवायची, खिडक्या लावून घ्यायच्या. सगळा आवाज आतल्या आत. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे, आणि धोट्याच्या साच्यांचं खातं ती सहज ओलांडतं. आजो तिथे चोवीस वर्षं उभा होता.

त्या खात्यात कुणी कुणाला हाक मारत नसे. तोंडाने बोलायचं, पण आवाजाशिवाय. ओठ मोठे करून, भुवया वर करून. जॉबर, म्हणजे मुकादम, आला, धोट्यातली सुताची कांडी संपली, चहा आला, पाळी सुटल्यावर थांब. साच्यांच्या दोन रांगा ओलांडून अशा गप्पा चालत. आजो सांगायचा, खात्यात सगळ्यांत जास्त चहाड्या जॉबरच्या पाठीमागे उभं राहूनच व्हायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. लालबाग-परळ-डिलाईल रोडचे भोंगे बंद, साचे बंद. आजी सांगायची, तीन-चार दिवसांनी आजो रात्री उठून बसला आणि तिला म्हणाला, माझ्या कानात खातं अजून चालूच आहे. तिला वाटलं, कामाची आठवण येते म्हणून बोलतोय. तसं नव्हतं. ते खातं कधीच बंद झालं नाही. संपही कधी रीतसर मागे घेतला गेला नाही म्हणतात. आजीचं मंगळसूत्र, काकाची शाळा, आजोची भाजीची पाटी, यातलं काही मी आज लिहिणार नाही.

मी जन्मले तेव्हा त्याचे कान असेच होते. घरात एक शिस्त होती, कुणी बसून शिकवली नाही, पण सगळ्यांच्या अंगात होती. आजोला मागून हाक मारायची नाही. आधी पुढ्यात जायचं. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, खिडकीला पाठ करून नाही. तोंडावर हात नाही, तोंडात घास नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आणि ओरडायचं नाही, कारण ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि त्याला काही कळत नाही. मी लहानपणी चिडून किंचाळायचे तेव्हा तो शांतपणे माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा. "बोंबलू नको गो. तोंड दाखय."

बाबा आणि मामा ओठांवर अगदी सारखे दिसतात. प, ब, म, तिन्हीला ओठ मिटतात. त्यामुळे बाबा आले की मामा आला हे त्याला पुढच्या वाक्यावरून ओळखावं लागे. 'आजो' मात्र लांबूनही दिसायचं. तोंड पूर्ण उघडायचं आणि मग गोल. चाळीच्या खालच्या चौकातून मी नुसतं तोंड हलवायचे आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून तो हात करायचा. चौकातल्या पोरांना ती जादू वाटायची. मला त्याचा फार अभिमान होता.

डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, न्यायचा मला. ऐकू न येणारा माणूस भजनाला जाऊन काय करतो, असं गाळ्यातले लोक विचारत. तो पखवाजवाल्याच्या शेजारी, जमिनीवर तळहात टेकून बसायचा. नजर बुवाच्या तोंडावर. गजर चढत गेला की त्याचं अख्खं अंग बरोबर समेवर यायचं. एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. समोरच्या बुवाने टोमणा मारला की सगळ्यांच्या आधी आजो हसायचा. सगळे आवाजाची वाट बघत, त्याला तो टोमणा ओठांवर आलेलाच दिसायचा.

काकाने पहिल्या पगारातून कानाचं यंत्र आणलं. आजोने ते चारेक दिवस लावलं. त्यातून पंखा, नळ, कुकर, खालची गाडी, सगळं एकाच जोराने त्याच्या डोक्यात शिरायचं आणि माणसाचं बोलणं नेमकं त्यात बुडायचं. "ह्या नको माका. सगळाच आयकाक येता," म्हणाला आणि फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. काका खूप नाराज झाला होता.

आता जे लिहायचं आहे तिथे आले.

२०२१ च्या एप्रिलात तो मोरीत घसरला. खुब्याचं हाड. कोरोना नव्हता त्याला, पण त्या दिवसांत हॉस्पिटलात पाय टाकला की सगळ्यांची तोंडं झाकलेली. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सही घ्यायला आलेला माणूस. ऐंशी ओलांडलेला आजो खाटेवर पडून एकेका डोळ्यांच्या जोडीकडे बघत होता, आणि जे कुणी जे काही विचारेल त्याला मान हलवून हो म्हणत होता. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. मी कागदावर लिहून दाखवलं, तर चष्मा घरी राहिलेला. जन्मभर माणसांची तोंडं वाचून ज्याने दिवस काढले, त्याच्यासमोर एकही तोंड उरलं नव्हतं.

मी मास्क खाली केला. नर्स धावत आली आणि मला रागावली. तिचंही बरोबर होतं. आजूबाजूला किती माणसं जात होती तेव्हा. तेवढ्या वेळात मी एक वाक्य बोलले. त्याला कळलं. काय ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न मधूनमधून वर येतो, आणि आज त्या मुलीच्या बोलण्याने तो पुन्हा आला. आजोने माझा आवाज कधी ऐकला होता का?

मी यावर थोडंफार वाचलं आहे. सततच्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचं. स, श, फ, थ यांसारखे आवाज आधी हरवतात. खालचे, जाडे आवाज बराच काळ उरतात. म्हणजे बाबांचं खोकणं त्याला ऐकू येत असेल. पखवाजाचा धुमा येत असेल. लहान मुलीचा बारीक आवाज? तो त्याच्या कानातल्या खात्यावरून पलीकडे कसा पोचणार? मी त्याला शाळेतल्या सगळ्या कविता म्हणून दाखवल्या. दहावीचा निकाल सांगितला. मी गाते बऱ्यापैकी, सगळे म्हणतात. सगळ्यांना माहीत असलेली माझी ही एक गोष्ट, आणि ज्याला ती द्यावी असं मला सगळ्यांत जास्त वाटे, त्याच्यापर्यंत ती गेलीच नाही. माझ्या मोबाइलमध्ये त्याचे कितीतरी व्हिडिओ आहेत, त्यांत त्याचा आवाज भरभरून आहे. माझ्याकडे त्याचा आवाज आहे आणि त्याच्याकडे माझा नव्हता. हे फार एकतर्फी वाटतं. गिरणीने त्याच्याकडून कायकाय घेतलं याचा हिशोब लोक करतात, ग्रॅच्युइटी, घर, गिरणी कामगारांच्या घरांची लॉटरी. त्या हिशोबात हे कुठे लिहायचं?

रात्री आईला फोन केला. सरळच विचारलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ते मला कसं माहीत असणार? पण तू रडलीस की पहिला तोच उठायचा."

कसा काय, म्हटलं.

"पाळण्याची दोरी मनगटाला बांधून झोपायचे मामंजी. तू पाय झाडलेस की त्यांना हिसका बसायचा. आम्हाला जाग यायच्या आत दोरी ओढायला लागलेले असायचे. कितीदा तर तू रडायच्या आधीच."

हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आईला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तिच्या लेखी ती त्या वेळची घरातली एक सोय होती, बाबांची रात्रपाळी असायची आणि ती दमलेली असायची.

फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून होते. प्रश्नाचं उत्तर मिळालं असं नाही. बहुतेक नाहीच ऐकला त्याने माझा आवाज. किंवा अगदी तान्ही असताना, कानाशी घेतलेलं असताना, थोडासा. असेल किंवा नसेल. पण दुपारपासून जे पोटात कुरतडत होतं ते मात्र आता तसं नाही. मी रडायच्या आधी ज्याला कळत होतं, त्याला माझा आवाज ठाऊक नव्हता म्हणून मी इतकी बिचारी होऊन बसावी, हे काही खरं नाही. आणि तोंड आवळून बोलणं मला जमणारही नाही. पस्तिशीत आता कुठे नवीन तोंड आणू?

आई शेवटी बोलता बोलता काकाबद्दल म्हणाली. हल्ली टीव्ही फार मोठा लावतो, काकू आतून हाका मारून थकते, मग भांडण. कान तपासून घ्यायला तयार नाही, मला सगळं नीट ऐकू येतं म्हणतो. आजोचंच पोर ते. मी काकूला लगेच फोन लावला आणि सांगितलं की आतून हाक मारू नकोस, पुढ्यात जा, त्याने तुझ्याकडे बघितलं की मगच बोल. ती वैतागली. "दर वेळी हातातलं काम टाकून मी त्याच्या तोंडासमोर जाऊ?"

हो, म्हटलं, दर वेळी जायचं. शनिवारी मी येते, कान तपासायलाही मीच घेऊन जाते त्याला. यंत्रं आता पूर्वीसारखी नाहीत, प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बसवून देतात, पंखा आणि माणूस यांतला फरक त्यांना बराच कळतो. काका ऐकणार नाही हे मला माहीत आहे. मी समोर उभी राहून सांगणार आहे.