तुम्ही विचारलंत म्हणून : मूळ चित्रकथेत एवढं रक्त असतं का?

मी मुंबईत चित्रकला शिकवते आणि चित्रकथांविषयी लिहिते, त्यामुळे कॉमिकवर बेतलेला एखादा रक्तरंजित सिनेमा लागला की विद्यार्थ्यांचे पालक हमखास विचारतात, ‘मॅडम, मूळ कॉमिकमध्येही एवढं रक्त असतं का, की सिनेमावाले वाढवतात?’

या प्रश्नामागची अपेक्षा मला समजते. आपल्याकडच्या एका पिढीची चित्रकथेशी ओळख १९६४ मध्ये मुंबईतूनच सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे झाली. त्यातल्या वेताळ (फँटम) या नायकाचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटत असे आणि हिंसेची मजल बहुधा तेवढ्यावरच थांबत असे. ते वाचून वाढलेल्या आईवडिलांना कॉमिक म्हणजे मुलांचीच वस्तू वाटली, तर त्यात नवल नाही.

सिनेमा हिंसा वाढवतो, हे अनेकदा खरे असते. पण तो ती कमीही करतो, आणि नेमकी कुठे कमी करतो हे मला जास्त खटकते. ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ‘वॉचमेन’ ही बारा अंकांची चित्रकथा १९८६-८७ मध्ये प्रसिद्ध झाली. झॅक स्नायडर यांनी तिच्यावर केलेला सिनेमा २००९ मध्ये आला. सहाव्या अंकात रोर्शाक हा मुखवटाधारी नायक एका लहान मुलीच्या खुन्याला बेडीने जखडतो, त्याच्या हाताशी करवत ठेवतो, घर पेटवतो आणि बाहेर उभा राहून ते जळताना पाहतो. आत काय झाले हे गिबन्स दाखवत नाहीत. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत तो माणूस त्या करवतीचे काय करत असेल, हे वाचकाला स्वतःच्या मनात पाहावे लागते, आणि ते पाहिल्यावर रोर्शाकविषयीची आपली सहानुभूती डळमळते. सिनेमात त्याच प्रसंगी तो खुन्याच्या डोक्यात सत्तुराचे घाव घालत राहतो. तुरुंगातल्या प्रसंगातही मूळ कथेत एका कैद्याचा गळा चिरला जातो, तर सिनेमात त्याचे दोन्ही हात यांत्रिक करवतीने कापले जातात.

आता बारावा अंक उघडून पाहा. बहुतेक साऱ्या कथेत पानाला नऊ चौकटी या शिस्तीत वाचत आलेल्या वाचकासमोर इथे एकामागून एक, पानभर एकच चित्र असलेली सहा पाने येतात, आणि त्या प्रत्येक पानावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांत प्रेतांचा खच पडलेला असतो. लाखोंचा बळी घेऊन जग वाचवणे योग्य ठरते का, हा कथेतला सर्वांत अवघड प्रश्न त्या प्रेतांकडे पाहूनच सोडवायचा आहे. सिनेमात मात्र ऊर्जेच्या स्फोटात शहराचा भाग नाहीसा होतो आणि प्रेते जवळजवळ दिसतच नाहीत. एकेका गुंडाचे मोडलेले हाड जवळून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तिथे मान वळवावी, हे मला त्या साऱ्या रक्तापेक्षा अधिक गंभीर वाटते.

रक्त दाखवण्यालाच माझा विरोध आहे, असा याचा अर्थ नाही. ‘सिन सिटी’ (२००५) हा चित्रकथेवरचाच सिनेमा मूळ चित्रांशी कमालीचा प्रामाणिक राहिला. त्यात अनेक ठिकाणी काळ्या पडद्यावर रक्त पांढरे चमकते आणि आपण शाईने काढलेले जग पाहत आहोत, याचे भान सुटत नाही.

मुलांना न्यावे का, असे विचारणाऱ्यांना एक फरक सांगावा लागतो. अमेरिकेतल्या ‘आर’ दर्जाच्या सिनेमाला सतरा वर्षांखालील मुले पालकांसोबत जाऊ शकतात. आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र असेल, तर आईवडील शेजारी बसले तरी अठरा वर्षांखालील मुलाला प्रवेश नाही. ‘जोकर’ (२०१९) याच प्रमाणपत्रासह आपल्याकडे प्रदर्शित झाला होता. पुस्तकाला मात्र असे प्रमाणपत्र नसते, म्हणून ‘वॉचमेन’ मुलांच्या हाती देण्यापूर्वी निदान सहावा आणि बारावा अंक तुम्ही स्वतः वाचा, असे मी पालकांना आग्रहाने सांगते.