पट्ट्यांचा चौकोन

आषाढ, मंगळवार. सकाळपासून झड.

वाकळ ओटीवर पसरून धावदोरा घालायचे हे दिवस नव्हेत, जमीनच ओल धरते. चौकोन मात्र मशीनवर बसल्या जागी होतात. मध्ये अडीच इंचाचा तुकडा, भोवती दीड इंची पट्ट्यांचे तीन फेर. लॉग केबिन म्हणतात तोच प्रकार.

सुती लुगडं धाग्यात सरळ फाटतं म्हणून पट्ट्या टरकावून काढतात. पण फाडलेली कड लहरते, दोन-तीन दोरे निघून जातात आणि पट्टी मापात राहत नाही. पहिली फाड धागा सापडायला घ्यावी, पुढे खडू आणि कात्री. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, गेलेली पट्टी सरळ बाजूला टाकायची, ती शिवताना ताणते आणि चौकोन मधून वाटीसारखा फुगतो. जुन्या साडीचा बसायचा भाग उजेडासमोर धरून बघावा. जाळी दिसली की तिथली पट्टी नको, कितीही जीव गुंतला तरी.

मऊ पडलेल्या कापडाला पेजेच्या पाण्याची पातळ खळ दिली की कापायला सोपं जातं. पण खळ दिलेलं कापड पावसात घडी करून ठेवलं तर त्याला बुरशी धरते. दोन दिवसांत शिवून होईल तेवढ्यालाच द्यावी. लाल कापड ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळून बघायचं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सांगतात, सुटणारा सुटतोच.

बुधवार. वीज ये-जा.

शिवण दोन सूत, म्हणजे पाव इंच. मशीनच्या पायाची कड दोन सुतांवर असेलच असं नाही. सुई खाली घेऊन सुईपासून मोजावं आणि तिथे पत्र्यावर चिकटपट्टी लावावी. मग दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघायच्या: मधली बरोबर १ इंच दिसली तरच पुढे जायचं. अर्धं सूत जास्त गेलं तर? एका रेषेत सहा शिवणी येतात, प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडं अर्धं अर्धं सूत खातात, आणि साडेआठचा चौकोन पावणेआठ भरतो.

पट्ट्या आधीच मापात कापाव्यात. पहिला फेर २.५, ३.५, ३.५, ४.५, दुसरा ४.५, ५.५, ५.५, ६.५, तिसरा ६.५, ७.५, ७.५, ८.५. लांब पट्टी लावून उरलेली नंतर कातरली की हमखास झालर येते. प्रत्येक फेरात आधी दोन फिक्या, मग दोन गडद, आणि वळायचं एकाच दिशेने. एका फेरात उलटं वळलं की कोपऱ्यातून जाणारी फिकी-गडद रेघ मोडते. (कारवारकडून घाट चढून गेलं की यल्लापूरच्या सिद्दी बाया कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, कडेपासून आत शिवत जातात. तिथे हे फेरांचं गणितच नाही.)

प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री, शिवण बाहेरच्या बाजूला पाडून. इस्त्री दाबायची, ओढायची नाही. दमट कापड ओढलं की लांबतं. फेर पुरा झाला की मोजायचं: ४.५, ६.५, ८.५.

शुक्रवार. थोडी उघडीप.

एकेरी वाकळीला ७ गुणिले ९, म्हणजे ६३ चौकोन. शिवून झाल्यावर ५६ बाय ७२ इंच. एका चौकोनाला ६६ इंच पट्टी लागते, ३० फिकी, ३६ गडद. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच धरला तर फिक्याचे पावणेदोन वार आणि गडदचे सव्वादोन वार. विरलेला भाग आणि तुकडे जमेस धरून दोन्हींचे तीन-तीन वार ठेवावेत.

सुई मशीनला लावून ठेवू नये. या हवेत तिला लगेच गंज धरतो आणि सकाळचे पहिले टाके फिक्या पट्टीवर तपकिरी ठिपके सोडून जातात. आज तीन चौकोनांवर तेच झालं. डागलेली पट्टी तेवढी उसवून बदलली.